जुन्या कॅल्क्युलेटरांचा नाद आणि पुन्हा विद्यापीठ: चाळिशी-पन्नाशीनंतर शिकायला निघालेल्यांसाठी

कपाटात एचपी-३५, टीआय-५९ किंवा कॅसिओ एफएक्स-६०२पी असे जुने कॅल्क्युलेटर जपून ठेवणाऱ्या माणसाला कधी ना कधी एक प्रश्न छळायला लागतो: हे यंत्र आतून साइन काढतं तरी कसं? मॉडेलं तोंडपाठ असतात, बॅटरीचे संपर्क साफ करता येतात, दिवा लागला नाही तर बिघाड कुठे आहे तेही कळतं. पण मॅन्युअलमधलं गणिताचं पान आलं की आपण ते उलटून पुढे जातो, कारण तो धागा कॉलेजात किंवा त्याच्याही आधी सुटलेला असतो. असे काही जण मग नव्याने प्रवेश घ्यायचा विचार करतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. हा छंद तुमच्या अभ्यासाचा पाया होऊ शकतो, मात्र त्यासाठी वस्तूंचे प्रश्न करावे लागतात. संग्रहात किती यंत्रं आहेत याला विद्यापीठात काही किंमत नाही. एकाच समीकरणाला दोन यंत्रं वेगळी उत्तरं का देतात, हे नेमकेपणाने विचारता येणं याला मात्र खूप किंमत आहे. पुढची प्रत्येक पायरी याच विचारावर उभी आहे.

पहिली पायरी: अर्जाआधी प्रश्नवही

प्रवेशाची माहिती गोळा करण्याआधी एक वही घ्या आणि महिनाभर तुमच्या यंत्रांना प्रश्न विचारा. यंत्र दहा अंकी असलं तर पुढचे तीन प्रयोग चांगले आहेत.

एक. क्ष² − १०,००,०००क्ष + १ = ० हे वर्गसमीकरण शाळेतल्या सूत्राने सोडवा. एचपी-१५सी वर एकेक कळ दाबत गेलात तर लहान मूळ शून्य येतं. खरं मूळ ०.०००००१ च्या अगदी जवळ आहे. दहा लाखांचा वर्ग म्हणजे १ वर बारा शून्यं. त्यातून ४ वजा केल्यावर येणारी संख्या बारा अंकी असते, दहा अंकांत ती मावत नाही, आणि ते ४ गोल करताना नाहीसे होतात. हाच प्रश्न टीआय-५९ ला विचारा. तो दहा अंक दाखवतो पण आत तेरा बाळगतो, त्यामुळे त्याचं उत्तर जवळपास बरोबर येतं. आता सूत्र बाजूला ठेवून मोठं मूळ आधी काढा आणि त्याचा व्यस्तांक घ्या, कारण या समीकरणाच्या मुळांचा गुणाकार १ आहे. एचपी-१५सी सुद्धा आता बरोबर उत्तर देतो. यंत्र तेच, गणित तेच, फक्त वाट बदलली. न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिस (आकडेमोडीतली अचूकता आणि चुका यांचा अभ्यास) या विषयाचा गाभा तुम्ही इथे हाताने करून पाहिला.

दोन. (१ + १/न) चा न-वा घात काढा. न वाढवत नेला की उत्तर २.७१८२८१८२८ कडे सरकायला हवं, आणि सुरुवातीला तसं होतंही. पण न एक हजार कोटी केला की दहा अंकी यंत्र शांतपणे १ दाखवतं, कारण १ मध्ये इतकी बारीक संख्या मिळवली तरी दहा अंकांत ती दिसतच नाही. याच अडचणीसाठी एचपी-४१सी च्या रचनाकारांनी '१ अधिक क्ष' चा लॉग काढणारं एक स्वतंत्र फंक्शन दिलं होतं. जागा इतकी मोजकी असताना एक अख्खं फंक्शन यावर का खर्च केलं, हे कळलं की तुम्ही रचनाकाराच्या खुर्चीत बसून विचार करायला लागता.

तीन. अंशांच्या मापात ९ चं साइन काढा, उत्तराचं कोसाइन, त्याचं टॅन, आणि मग उलट पावली आर्कटॅन, आर्ककोसाइन, आर्कसाइन करत परत या. पुन्हा ९ यायला हवेत. एचपी-४१सी आणि एचपी-१५सी दोन्ही ९.०००४१७४०३ देतात. संग्राहक या चाचणीवरून आतल्या गणिताचं घराणं ओळखतात, पण तेवढ्यावर थांबू नका. चूक कुठे शिरते ते शोधा. मधल्या कोसाइनच्या पायरीला उत्तर ०.९९९९९६२७ च्या आसपास येतं. सगळी उपयोगी माहिती त्या नवांच्या मागे शेवटच्या काही अंकांत दबलेली असते, आणि पुढे उलट येताना तेवढ्याच अंकांवर भिस्त ठेवावी लागते.

प्रत्येक प्रयोगाखाली तीन गोष्टी लिहा: कळा कोणत्या दाबल्या, उत्तर काय आलं, आणि ते तसं का आलं असावं याबद्दल तुमचा अंदाज. तिसऱ्या रकान्यात जिथे लेखणी अडते, तिथे तुम्हाला कोणता विषय शिकायचा आहे ते उमगतं.

दुसरी पायरी: प्रश्नांवरून अभ्यासक्रम

महिन्याभरात वही एका बाजूला झुकलेली दिसेल. चुका, अंक, अचूकता यांबद्दल जास्त लिहिलं असेल तर गणित किंवा संगणनशास्त्र. चिप, घड्याळी स्पंदनं, कीबोर्ड कसा वाचला जातो याबद्दल असेल तर डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक-रचना. कोणी, केव्हा, कोणत्या दबावाखाली बनवलं याकडे ओढ असेल तर तंत्रज्ञानाचा इतिहास. हा शेवटचा पर्याय दुय्यम मानू नये. कुर्ट हेर्झस्टार्क यांनी बुखेनवाल्डच्या छळछावणीत असताना कुर्टा या हातात मावणाऱ्या यांत्रिक गणकाचे आराखडे पुरे केले आणि १९४८ पासून लिश्टेनस्टाइनमध्ये त्याचं उत्पादन झालं. या एका यंत्रात अभियांत्रिकी, युद्ध आणि व्यापार असे तीन इतिहास आहेत, आणि ते नीट लिहायला प्रशिक्षण लागतं.

आरपीएनच्या (आधी संख्या, मग क्रियेची कळ, अशा कंसांशिवायच्या पद्धतीच्या) भक्तांना संगणनशास्त्र फार लवकर आपलं वाटतं असं माझं निरीक्षण आहे. एक्स, वाय, झेड, टी हा चार मजल्यांचा स्टॅक (एकावर एक रचलेल्या संख्यांची चळत) ज्याने वर्षानुवर्षं बोटांनी चालवला, त्याला डेटा स्ट्रक्चरच्या पहिल्या धड्यात नवीन शिकायचं असतं ते फक्त नाव. (३+४)×(५+६) साठी '३ एंटर ४ + ५ एंटर ६ + ×' या कळा तो विचार न करता दाबतो. कंस असलेली ओळ यंत्राने अशा क्रमात कशी उलगडायची, याची रीत संगणनशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी मांडली आणि कंपायलरच्या (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनाच्या) अभ्यासक्रमात ती आजही शिकवतात. कंसांशिवाय लिहिण्याची मूळ कल्पना त्याहून जुनी: १९२० च्या दशकातले पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांची.

तिसरी पायरी: झेप केवढी

थेट पूर्ण पदवीला नाव घालण्याआधी एकच विषय घेऊन बघा. बहुतेक ठिकाणी सुटा विषय, अर्धवेळ प्रवेश, दूरशिक्षण किंवा परीक्षेशिवाय वर्गात बसण्याची परवानगी यांपैकी काहीतरी मिळतं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेच मुळी नोकरी-संसारात अडकलेल्या मोठ्या माणसांना डोळ्यांसमोर ठेवून. तेव्हापासून दूरशिक्षण ही कमी प्रतीची वाट राहिलेली नाही.

वेळेचा हिशेब भावनेवर सोडू नका. युरोपातल्या श्रेयांक-पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे विद्यार्थ्याचं २५ ते ३० तासांचं एकूण काम आणि पूर्णवेळ वर्षाचे ६० श्रेयांक धरतात. त्या मापाने ६ श्रेयांकांचा एक विषय १५० ते १८० तास मागतो. १५ आठवड्यांच्या सत्रात हे आठवड्याला १० ते १२ तास झाले. तुमच्या विद्यापीठाची पद्धत वेगळी असली तरी हाच अंदाज घेऊन स्वतःच्या आठवड्यात तेवढी मोकळी जागा दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर दुरुस्तीच्या टेबलावरचे तास आधी कमी होतील हे मान्य करा. घरातल्यांशीही हे आकडे घेऊनच बोला. 'थोडा अभ्यास करतोय' या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही.

माझा सल्ला: सत्र चालू असताना नवी यंत्रं घेऊ नयेत. पैशापेक्षाही, नवं यंत्र घरात आलं की दोन आठवडे मन त्यातच असतं. दुरुस्त्या सुटीवर ढकला आणि 'नंतर बघायचं' अशी यादी ठेवा.

चौथी पायरी: अर्ज आणि हेतुपत्र

जुन्या गुणपत्रिका आणि प्रमाणपत्रं शोधायला सगळ्यात आधी लागा. संस्था बंद झाली असेल, नाव बदललं असेल, तर दुय्यम प्रती मिळायला महिने जातात. पूर्वीच्या कामाला किंवा अनुभवाला श्रेयांक देण्याची सोय आहे का, हे प्रवेश विभागाला लेखी विचारा. असेल तर तुमच्या दुरुस्तीच्या नोंदी, लिहिलेले प्रोग्राम, मोजमापांचे तक्ते यांची नीट संचिका करा. फोटो थोडे असावेत, कारणमीमांसा जास्त.

हेतुपत्रात बहुतेक जण घसरतात ते एकाच जागी: लहानपणची ओढ, पहिलं यंत्र, मग पुढे संग्रह कसा वाढला. वाचणाऱ्याला हे हजार वेळा भेटलेलं असतं. त्याऐवजी प्रश्नवहीतून एक नोंद उचला. उदाहरणार्थ असं लिहिता येईल:

'सत्तरच्या दशकातले सायंटिफिक कॅल्क्युलेटर दुरुस्त करताना माझ्या लक्षात आलं की एकाच वर्गसमीकरणाचं लहान मूळ एक यंत्र शून्य देतं आणि दुसरं बरोबर देतं. कारण शोधताना मी अंकांची मर्यादा आणि जवळच्या संख्यांच्या वजाबाकीतली हानी इथवर पोचलो. त्रुटीची वरची मर्यादा आधीच कशी सांगता येते हे मला अजून येत नाही. तुमच्या न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिसच्या विषयात मला ते शिकायचं आहे.'

यात काय येतं, काय येत नाही आणि तुमच्याकडेच का, हे तिन्ही आलं. मुलाखत झाली तर यंत्रं बरोबर नेण्याची गरज नाही. वही न्या.

पाचवी पायरी: गणितावरचा गंज

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. पहिल्या सत्रात मोठ्या वयाचे विद्यार्थी अडखळतात ते समजशक्ती कमी पडल्यामुळे क्वचितच. बीजगणिताचा हात सुटलेला असतो. अपूर्णांकांची बेरीज, घातांकांचे नियम, समीकरणात पद इकडून तिकडे नेणं हे सगळं सहज व्हायला हवं, नाहीतर डेरिव्हेटिव्ह कळूनही गणित अर्ध्यात अडकतं. म्हणून प्रवेशाआधी तीन-चार महिने रोज तासभर काढा, आणि त्यातला निम्मा वेळ यंत्राला हात न लावता कागदावर घालवा.

उरलेल्या निम्म्या वेळेत जुनी यंत्रं खरी शिक्षक होतात, कारण ती फार थोडं करून देतात. वर्गमूळाची कळ विसरा आणि न्यूटनची रीत वापरून २ चं वर्गमूळ काढा. अंदाज १ पासून सुरू करा. दर वेळी २ ला अंदाजाने भागा, त्यात अंदाज मिळवा, दोनाने भागा. १.५ येतं, मग १.४१६६६६६६७, मग १.४१४२१५६८६, मग १.४१४२१३५६२. बरोबर अंकांची संख्या साधारण दर पायरीला दुप्पट होते. आरपीएन यंत्रावर संख्या एका रजिस्टरमध्ये (स्मृतीतल्या एका कप्प्यात) आणि अंदाज दुसऱ्यात ठेवला तर सगळा प्रोग्राम दहाएक पायऱ्यांत बसतो. १९७५ च्या एचपी-२५ मध्ये ४९ पायऱ्यांची जागा होती, म्हणजे भरपूर उरते. प्रोग्राम चालला की काम संपलं असं समजू नका. अंक दुप्पट का होतात हे कागदावर सिद्ध करायला बसा. त्यासाठी टेलरची मालिका लागेल, आणि ती मालिका शिकण्याचं तुमच्याकडे आता सबळ कारण असेल.

याच पद्धतीने पुढे जा. डेरिव्हेटिव्हसाठी फलनाच्या दोन जवळच्या किमतींचा फरक घ्या आणि अंतर कमी करत जा. उत्तर आधी सुधारतं आणि एका टप्प्यानंतर बिघडायला लागतं. का? अंतर फार कमी झालं की पुन्हा तीच वजाबाकीतली हानी. क्षेत्रफळासाठी सिम्पसनचा नियम प्रोग्रामच्या रूपात लिहा. एचपी-३४सी आणि नंतरच्या एचपी-१५सी मध्ये समीकरण सोडवण्याची आणि इंटिग्रेशनची कळच होती, आणि त्यामागच्या गणितात गणितज्ञ विल्यम कहान यांचा वाटा होता. पुढे दशमान नव्हे तर द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) संगणकांच्या अंकगणिताचं १९८५ चं मानक घडवण्यातही ते आघाडीवर होते आणि संगणनशास्त्रातला १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. खिशातल्या यंत्रातून थेट आजच्या प्रत्येक संगणकाच्या अंकगणितापर्यंत जाणारा हा एक सरळ रस्ता आहे. या रस्त्याने गेलेला विद्यार्थी विषय विसरत नाही.

संगणकही जवळ ठेवा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ दिसते आणि तुमचा पन्नास वर्षांचा कॅल्क्युलेटर सरळ ०.३ दाखवतो. संगणक द्विमान पद्धतीत मोजतो, ती यंत्रं दशमान अंक एकेक करून साठवतात, ०.१ ला द्विमानात शेवट नाही. आता पायथनच्या दशांश मॉड्यूलमध्ये अचूकता १० अंकांवर ठेवून वहीतले पहिले दोन प्रयोग पुन्हा करा. वर्गसमीकरणाचं ते शून्य संगणकावरही उगवेल. वर्गात पुढे लागणारी भाषा अशी ओळखीच्या प्रश्नांवरून शिकता येते.

पाठ व्हावं असं वाटत असेल तर वाचलेलं पुन्हा वाचण्यापेक्षा वही मिटून आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत आठवड्याभरानंतर जास्त लक्षात राहिलं ते पुन्हा वाचणाऱ्यांच्या नव्हे, तर आठवून स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांच्या. चाळिशीनंतर हे आणखी मनावर घ्यावं.

सहावी पायरी: परीक्षेचं यंत्र वेगळं ठेवा

विषय घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात कॅल्क्युलेटरचे नियम लेखी मिळवा. कुठे मान्य मॉडेलांची यादी असते, कुठे प्रोग्राम करता येणारी यंत्रं चालत नाहीत, कुठे मजकूर साठवणारी. या नियमांत एचपी-४१सी, टीआय-५९ आणि १९८५ ची पहिली ग्राफ काढणारी कॅसिओ एफएक्स-७०००जी सहसा बाहेर पडतात. काही परीक्षांत जुनं चालतंही: सीएफए या वित्तविश्लेषकांच्या परीक्षेत फक्त टीआय बीए टू प्लस आणि एचपी-१२सी या दोन घराण्यांतली मॉडेलं मान्य आहेत, आणि १२सी तर १९८१ पासूनची. पण पर्यवेक्षकाला दारात समजावून सांगण्याची वेळ येईल असं कोणतंही यंत्र परीक्षेला नेऊ नये, मग ते नियमात बसत का असेना.

मान्य यादीतलं एक साधं आधुनिक यंत्र घ्या, शक्य असेल तर एकसारखी दोन. आणि परीक्षेआधी किमान महिनाभर सगळी उदाहरणं त्याच यंत्रावर करा. बोटांची सवय हा खरा धोका आहे. आरपीएनवर वाढलेला हात संख्येनंतर एंटर शोधतो. जुन्या यंत्रावर ३ दाबून चिन्ह बदलून वर्ग केला की ९ येतात. आजच्या, ओळ जशीच्या तशी लिहून घेणाऱ्या यंत्रावर −३² टाकलं की −९ येतात, आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर आहेत. साध्या चार क्रियांच्या जुन्या यंत्रावर २ + ३ × ४ चे २० होतात, १९७६ च्या टीआय-३० वर १४. कंसाआधी गुणाकाराचं चिन्ह गाळलं तर आधुनिक यंत्रांचंही एकमत नसतं. तुमचं यंत्र या तीन ठिकाणी काय करतं ते तपासून त्याच्या पाठीवर नाही तर डोक्यात लिहून ठेवा. पाठीवर लिहिलेलं परीक्षेत गैर ठरू शकतं.

सातवी पायरी: अभ्यासाच्या टेबलावरची जुनी यंत्रं

रोज वापरायला एलसीडीची यंत्रं बरी. एचपी-१५सी च्या जातीचं यंत्र तीन बटण-सेलांवर फार दिवस चालतं. लाल एलईडीची यंत्रं वीज खातात आणि प्रखर उजेडात त्यांचे अंक दिसत नाहीत, तेव्हा ती घरी संध्याकाळी वापरावीत. ग्रंथालयात कार्ड-वाचक (चुंबकी कार्डावरचे प्रोग्राम वाचणारा भाग) किंवा छपाई-यंत्र सुरू करू नये हे सांगायची गरज नसावी.

एचपी-२५ च्या पिढीतल्या यंत्रांबाबत एक गोष्ट कटाक्षाने पाळा: बॅटरी काढलेली किंवा मेलेली असताना चार्जर लावू नका. त्या रचनेत बॅटरी व्होल्टेज आवरून धरते. ती नसेल तर आतल्या चिप कायमच्या जाऊ शकतात. एचपी-६५ आणि ६७ च्या कार्ड-वाचकातला रोलर वयानुसार चिकट लगद्यासारखा होतो, त्यामुळे दुरुस्तीआधी कार्ड आत सारू नका. जुन्या निकेल-कॅडमियम सेलांमधून पाझरलेलं द्रव अल्कधर्मी असतं. सौम्य व्हिनेगरचा बोळा फिरवून नंतर कोरडं करावं.

मूळ यंत्र झिजवायचं नसेल तर एमुलेटर (त्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम) वापरा. फ्री४२ हा एचपी-४२एस चा मोफत अवतार अभ्यासाला उत्तम, कारण मूळ यंत्र १२ अंकी आहे आणि याची दशमान आवृत्ती ३४ अंकी. एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालवला की त्रुटी किती शिरली ते समोर दिसतं. फोनमधला एमुलेटर परीक्षेत चालत नाही.

वर्गात

याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तरुण वर्गमित्रांना तुमच्या यंत्राचं कुतूहल असेल. विचारलं तर दाखवा आणि त्यांच्याकडून कोड लिहिण्याचा सराव घ्या, देवाणघेवाण चांगली जमते. शिक्षकांच्या भेटीच्या वेळेला प्रश्नवहीसकट जा. व्याख्यानात मात्र मॉडेलांचा इतिहास सांगू नका, कितीही तोंडावर आला तरी. त्या तासावर सगळ्यांचा हक्क असतो.

शेवटची पायरी: प्रकल्प

पदवीच्या शेवटी प्रकल्प असेल तर इथे छंद पूर्णपणे उपयोगी पडतो. विषय चिमूटभर ठेवा. 'कॅल्क्युलेटरांचा इतिहास' हा प्रकल्प होत नाही. 'तीन दहा अंकी यंत्रांवर लहान कोनांच्या कोसाइनची त्रुटी' होतो. साइन-कोसाइन काढण्याच्या कॉर्डिक पद्धतीवरही छान काम होतं: जॅक व्होल्डर यांनी ती १९५९ मध्ये विमानाच्या दिशादर्शनासाठी मांडली, त्यात गुणाकार टाळून बेरीज आणि अंक सरकवणं एवढ्यावरच कोन वळवत नेतात, आणि १९७२ च्या एचपी-३५ ने तिचं दशमान रूप ७६८ सूचनांच्या रॉममध्ये (यंत्रातल्या कायमच्या स्मृतीत) बसवलं. १९७४ च्या सिंक्लेअर सायंटिफिकने तर ३२० सूचनांत भागवलं. त्याची किंमत अचूकतेत मोजली गेली आणि काही स्थिरांक यंत्राच्या दर्शनी भागावर छापावे लागले. या दोन यंत्रांत जागा आणि अचूकता यांचा सौदा कसा झाला, हे मोजून दाखवणारा प्रबंध मला स्वतःला वाचायला आवडेल.

संदर्भ देताना संग्राहकांच्या गप्पांवर विसंबू नका, त्या खऱ्या असल्या तरी. मूळ मॅन्युअल, त्या काळची पेटंटं, कंपन्यांची तांत्रिक नियतकालिकं शोधा. एचपीच्या जून १९७२ च्या जर्नलमध्ये एचपी-३५ च्या रचनाकारांचे लेख आहेत, आणि त्या काळातल्या काही पेटंटांत यंत्राचा मायक्रोकोड (आतल्या सूचना) ओळीने ओळ छापलेला आहे. परीक्षकाला पडताळता येईल असा पुरावा हाच.

मोजमापं घेताना प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक आणि रॉमची आवृत्ती तक्त्यात लिहा, कारण एकाच नावाची दोन यंत्रं आतून वेगळी असू शकतात. सुरुवातीच्या एचपी-३५ मध्ये २.०२ चा नैसर्गिक लॉग काढून लगेच त्याचा ई-घात घेतला की २.०२ ऐवजी २ येत असे. नंतरच्या यंत्रांत ही चूक सुधारलेली होती. तेव्हा एचपी-३५ वर काम करणार असाल तर इतर कोणतीही चाचणी सुरू करण्याआधी ही एक चाचणी करा आणि तिचं उत्तर तक्त्याच्या पहिल्या रकान्यात नोंदवा.